चुका मोजणारे कान

माझ्यावर कुणी विश्वास ठेवत नाही, हे मला ठाऊक आहे. माझ्या गुरूंनी ट्रंपेटवर इतका वरचा स्वर लावला होता की गल्लीतल्या सगळ्या दारांची कुलपं आपोआप उघडली, असं मी सांगतो तेव्हा माझी पुतणीसुद्धा म्हणते, "काका, मागच्या वेळी खिडक्या उघडल्या होत्या." बरं, दोन्ही उघडलं असेल! पण आज सांगतोय त्यात मसाला नाही. त्या लोकांनी मला मसाला घालायला जागाच ठेवली नाही.

आमच्या शहराच्या वाद्यवृंदात पहिल्या ट्रंपेटची खुर्ची रिकामी झाली. पुतणी तिथे कित्येक वर्षं बदलीवर वाजवत होती. कुणी तापाने फणफणला की हिला फोन. लोकांच्या सर्दी-खोकल्यावर हिचं संगीत चालायचं. या वेळी खुर्ची मिळाली नाही तर ट्रंपेट माळ्यावर टाकून भावोजींच्या फरशीच्या दुकानात पूर्णवेळ बसायचं, असं घरात ठरलं होतं. ठरलं म्हणजे वहिनीने ठरवलं होतं.

निवड पडद्याआडून. वाजवणारा मंचावर, आम्ही घरचे समोर खुर्च्यांत, तीन परीक्षक पडद्यामागे, म्हणजे तोंड बघून कुणाला झुकतं माप नको. पद्धत चांगली आहे, माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती टकटक्यांबद्दल. दारात उभं राहून आत शिरणारी माणसं मोजतात ना, ते मुठीतलं यंत्र? अंगठा दाबला की टक, आकडा एकाने पुढे. तसं एकेक प्रत्येक परीक्षकाच्या हातात. स्वर चिरकला, टक. घसरला, टक. ज्याचे टक सर्वांत कमी त्याची खुर्ची. ही अक्कल मुख्य परीक्षकांची. आम्ही वाजवणारे त्यांना 'चिमटा' म्हणतो. तोंडावर नाही, अर्थात.

आधी एक पोरगेला गडी आला. मी त्याचं नाव लगेच ठेवलं, शिलाई मशीन. काय ती बोटं! काय तो दम! एका श्वासात तो तीन माणसांचं वाजवून गेला. टाके सगळे सारखे, एकही सुटला नाही. भिंतीवरच्या घड्याळाने त्याला विचारून वेळ लावून घेतली, अशी माझी खात्री आहे. पडद्यामागे चिडीचूप. एकही टक नाही. माझ्या शेजारची बाई मात्र पर्समध्ये किल्ल्या शोधत होती.

मग आमची पुतणी. तो सावकाश तुकडा तिने कुठून सुरू केला, कळलंच नाही. ट्रंपेट ओठाला लागायच्या आधीपासून तो वाजत असावा. वरचा स्वर सगळे छाती फुगवून मारतात. हिने तो इतका हळू घेतला, जणू निजलेल्या माणसाच्या अंगावर पांघरूण घालतेय. तिथेच तो जरासा चिरकला.

टक. टक. टक.

शेजारच्या बाईच्या किल्ल्या हातातून पडल्या आणि तिने त्या उचलल्या नाहीत.

निकाल लागला, शिलाई मशीन! मी तडक चिमट्याच्या खोलीत घुसलो.

"अहो, तुम्ही ऐकलंत तरी काय?"

"चूक ऐकली," चिमटा म्हणाला. "तिघांनीही. एकमताने."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं बरोबर होतं. त्यात ऐकण्यासारखं काय असतं?"

बघा! हा माणूस संगीताचा परीक्षक! तांदूळ निवडणारा खडे शोधतो हे खरं, पण म्हणून खडे काढून झाल्यावर तांदूळ फेकून देतो का?

"काका, चला," पुतणी बाहेरून म्हणाली. पेटीचे खटके तिने लावून टाकले होते. "फरशीत पण रंग बरे असतात."

"फरशी गेली खड्ड्यात! बस इथे."

कारण आमच्याकडे रिवाज असा की निकाल लागला की निवडलेल्याने लगेच अख्ख्या वाद्यवृंदाबरोबर तोच तुकडा वाजवायचा. झालं सुरू. मधे क्लॅरिनेटवाल्या बाई एका स्वरावर किंचित रेंगाळतात, सगळे त्यांच्यासाठी थांबतात. शिलाई मशीन थांबलं नाही. ते सरळ शिवत गेलं आणि बाकीचे पोचायच्या आत शेवट गाठून, ट्रंपेट मांडीवर ठेवून बसलं.

काडी फिरवणारे साहेब चिमट्याकडे वळले. "आता?"

"त्याची चूक शून्य," चिमटा टकटकी दाखवत म्हणाला. "उशीर तुमच्या साठ माणसांना झालाय. त्यांच्याकडे बघा." आणि तिघे उठून जेवायला गेले. चुका मोजून झाल्या होत्या, संगीतासाठी थांबायचं कारणच काय?

साहेबांनी काडी खाली ठेवली. मग तो गडीच उठला. कान लाल झाले होते त्याचे.

"ताई," तो माझ्या पुतणीला म्हणाला, "मला थांबता येत नाही. लहानपणापासून थांबलो की टक व्हायचं. तुम्ही वाजवा, मी ऐकतो." आणि स्वतःहून दुसऱ्या खुर्चीवर जाऊन बसला.

मला त्याचं नाव ठेवल्याचं अजिबात वाईट वाटलं नाही, नाव चपखलच आहे. पण माझा राग त्याच्यावरून उठून त्याला घडवणाऱ्यांवर गेला, आणि तिथे तो अजून आहे. पुतणीने पेटी उघडली. क्लॅरिनेटवाल्या बाई रेंगाळल्या, ही त्यांच्यासाठी थांबली, आणि साठ माणसांनी एकदम श्वास घेतला.

निकाल बदलला नाही. चिमटा कसला बदलतोय! कागदावर पहिली खुर्ची आजही त्या गड्याची, आणि पुतणी त्याची बदली. कार्यक्रम असला की तो "आज जरा कणकण आहे" म्हणून दुसऱ्या खुर्चीत सरकतो. इतका ठणठणीत आजारी माणूस मी पाहिला नाही. माझं डोकं फिरतं. "हक्काची खुर्ची आणि बदली म्हणवून घ्यायचं?"

"काका, नाव कुणाचंही असू दे," ती म्हणते. "बसते तर मी."

परवाच्या कार्यक्रमाला चिमटा नेमका माझ्या शेजारी. तिकीट काढून आलेला. तोच तुकडा, तोच वरचा स्वर, तसाच हळू. आणि परत जरासा चिरकला. मी त्याच्या टकटकी धरलेल्या मुठीकडे बघितलं. अंगठा हललाच नाही.

"अहो, चूक झाली," मी कोपराने ढोसलं. "टक करा की!"

"गप्प बसा हो," चिमटा खेकसला. "ऐकू द्या!"