लाल शाईतलं उत्तर

ऑर्लीना स्टिडमबाईंनी मला अक्षरं शिकवली, तेव्हा कोळशाच्या खाणीत माझे गुडघे झिजून गेले होते. आमच्या डोंगरात सगळे त्यांना वचकून असतात. थट्टा करायची मुभा फक्त मला, असं मी आपलं समजतो.

शाळा सुरू होऊन थोडे दिवस झाले आणि बाईंविरुद्ध शिक्षकांना परवाना देणाऱ्या राज्याच्या मंडळाकडे तक्रार गेली. वर्गात वाजणारा एका मुलीचा फोन त्यांनी खिडकीतून ओढ्यात फेकला म्हणे. मंडळानं तक्रार बाईंना पाठवली. खाली लिहिलं होतं, मुदतीत लेखी उत्तर द्या, नाहीतर आरोप तुम्हाला कबूल आहे असं धरू.

बाईंनी लाल पेन काढलं. कागदातलं शुद्धलेखन तपासलं, वर 'क' श्रेणी दिली, 'पुन्हा लिहून आणा' असा शेरा मारला आणि कागद मंडळालाच परत पाठवला. मग निवांत वाट बघत बसल्या.

आला तो निकाल. उत्तर नाही, सबब आरोप कबूल, परवाना रद्द.

मी विचारलं, "बाई, पेपर न देणाऱ्याला तुम्ही किती मार्क देता?"

"शून्य."

"मग मिळालं की."

त्या दिवशी बाईंकडे जेवताना मला घेवड्याबरोबर मक्याचा पाव मिळाला नाही. पण वर्गाची किल्ली त्या सारखी चाचपत होत्या. ती परत द्यायची होती.

प्रकरण पुन्हा उघडावं असा अर्ज बाईंनी केला. सुनावणीला मीच त्यांना गाडीतून राजधानीला नेलं. सुनावणी घेणाऱ्या अधिकारीबाई वयानं लहान होत्या. उत्तर का दिलं नाही, असं त्यांनी विचारलं.

"मी कागद तपासून परत केला होता," बाई म्हणाल्या. "तुम्हीच सुधारून आणला नाहीत."

अधिकारीबाईंनी फाइल मागवली. लाल रेघांनी भरलेला तो कागद त्यातच होता. त्या बराच वेळ वाचत राहिल्या. 'फेकला' या शब्दावर काट होती आणि समासात लिहिलं होतं: 'क्रियापद चूक. फोन मुलीच्याच हातून निसटला.'

"हा तर आरोपाला नकार झाला," त्या म्हणाल्या.

"मग 'क' काय उगाच दिला?"

अधिकारीबाईंनी ओठ दाबून हसू आवरलं. निकाल मागे घेतला, परवाना तूर्त कायम ठेवला आणि रीतसर उत्तर द्यायला नवी मुदत दिली.

गाडीत बसल्यावर बाई तो हुकूम वाचू लागल्या. दुसऱ्याच ओळीला त्यांचा हात पर्समध्ये गेला.

"बाई, पेन इकडे द्या."

"एकच स्वल्पविराम आहे, ओडेल."

"असू द्या."

पेन मी माझ्या खिशात ठेवलं. घर येईपर्यंत बाई माझ्या खिशाकडेच बघत होत्या.