पुढच्या दाराची वाट

नलिनीबाई रागाने "जाते" म्हणाल्या, आणि पुढच्या दारापासून रस्त्यापर्यंतची वाट लांबली. एरवी त्या "येते" म्हणून निघत. अच्युत दाबके नारळ आणायला विसरले, यावरून भांडण पेटलं होतं. तो आणायला त्या स्वतःच निघाल्या. भांडणात बायकोला "येते म्हण" असं कोण सांगणार, म्हणून दाबक्यांनी नुसतं दार लावून घेतलं. दुपारी बर्फ पडला, वाऱ्याने त्याचे ढीग लावले आणि वाटेच्या टोकाची पत्रपेटी दिसेनाशी झाली.

कॅनडातल्या त्या गावात वाट अशी कधी वागली नव्हती. दाबक्यांना शेजारच्या ओल्सनचा संशय आला. तो सकाळपासून खिडकीत बसून हसत होता.

नलिनीबाईंचा फोन आला. त्या पत्रपेटीपाशी उभ्या होत्या आणि पायांची बोटं बधिर झाली होती. मागच्या दाराने ये, दाबके म्हणाले. मागची वाट होती तेवढीच होती.

"पुढच्या दाराने गेले, पुढच्याच दाराने येईन."

दाबक्यांनी कोट चढवला. ते मागच्या दाराने बर्फ उडवायच्या यंत्रांच्या दुकानात गेले. विक्रेता सोनेरी केसांचा होता आणि अस्खलित मराठी बोलत होता, त्यामुळे तो त्यांना मुळीच आवडला नाही.

"वाट केवढी आहे?"

"आज मोजली नाही."

"वारा कुठून येतो?"

"रस्त्याकडून."

"आणि मंडळी?"

"त्याही रस्त्याकडूनच."

विक्रेत्याने छोटी यंत्रं बाजूला सारली. ती ताज्या, भुसभुशीत बर्फापुरती. दडपलेला ढीग फोडायला दातेरी पातं हवं आणि तो लांब भिरकावायला पंखाही. तसं एकच यंत्र उरलं होतं. त्याच्या जोडीचं मघाशीच गेलं, असं तो म्हणाला. गिऱ्हाईकाला घाई करायचे हे डाव दाबक्यांना ठाऊक होते. कुणी नेलं, ते त्यांनी विचारलं नाही.

घरी येऊन त्यांनी यंत्राला हळदकुंकू वाहिलं, नारळावाचूनच चालू केलं आणि वाट कापत निघाले. पण जेवढा बर्फ ते उडवत, तेवढाच समोरच्या ढिगापलीकडून त्यांच्या अंगावर येई. हा ओल्सनच, दुसरं कोण. त्यांनी फेकायचं तोंड नेमकं ढिगापलीकडे वळवलं आणि जोर वाढवला.

पलीकडूनही जोर वाढला. मग बर्फाबरोबर काहीतरी येऊन त्यांच्या छातीवर आपटलं. खोबऱ्याचा तुकडा होता आणि त्याला ओलं कुंकू लागलं होतं.

दाबक्यांनी तो कपाळाला लावून तोंडात टाकला आणि घाईघाईने यंत्र बंद केलं. त्यांनी नलिनीबाईंना हाका मारल्या, पण पलीकडच्या घरघरीत त्या कुणाला ऐकू जाणार. मागे वळून पाहिलं, तर घराचं दार काडेपेटीएवढं दिसत होतं. बर्फ कमरेपर्यंत आला. खिशातला फोन वाजला. त्यांनी तो कसाबसा कानाला लावला, पण तोंडात खोबरं होतं.

"अहो," नलिनीबाई आनंदाने म्हणाल्या, "तो समोरचा मेला थांबला एकदाचा. आता मी पूर्ण जोर लावते. येतेच."