निळ्या रंगाखालचा पत्रा

"गेला का दिवा?" मी विमानाच्या तळातून ओरडलो. डोकं पायांच्या जागेत आणि पाय सीटवर, असा मी उलटा पडलो होतो.

"नाही," शेजारच्या सीटवरून भाऊजी म्हणाले आणि त्यांनी इंजिन बंद केलं. बॅटरी चार्ज होत नसल्याचं सांगणारा लाल दिवा काही विझायचं नाव घेत नव्हता.

आठवडाभर मी लोकांच्या गाड्यांची वायरिंग दुरुस्त करतो. रविवारी तेवढी पाठ टेकायची, तर तीही सोय उरली नव्हती. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, म्हणतात. आमच्या भाऊजींनी विमान धाडलं! जन्मभर कचेरीत नकाशे काढले आणि निवृत्त झाल्यावर ताईला हाताशी घेऊन घरामागच्या शेडमध्ये हे दोन सीटचं विमान बांधलं. ते पुरं व्हायच्या आधीच ताई गेली. आता सगळं झालंय, पण इंजिन चालू असताना बॅटरी भरायच्या ऐवजी उतरत जाते, आणि असलं विमान हवेत न्यायचं नसतं.

"आज नाही जमलं तर पंख उतरवून भंगारात देतो," असं ते सकाळीच म्हणाले होते. बोलले की करतात, हा त्यांचा स्वभाव.

"बॅटरी बदललीत, रेग्युलेटर बदललात, अल्टरनेटर बाहेर तपासून आणलात," मी म्हणालो. "आता मला बदला."

ते हसले नाहीत. पूर्वी हसले असते.

बॅटरीचं चार्जिंग सांभाळणारा रेग्युलेटर पायांसमोरच्या पत्र्याच्या भिंतीवर बोल्टनं बसवला होता. भिंत निळी. स्वयंपाकघरातल्या फळ्यांचा उरलेला रंग ताईनं आजारपणात, स्टुलावर बसून, थांबत थांबत तिथं लावला होता. "इथं कोण बघणार आहे?" असं मीच तिला म्हणालो होतो, आणि तिनं ब्रश माझ्या नाकाला लावला होता.

मला शंका आली. रेग्युलेटरच्या अंगापासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत एक वायर जोडली. भाऊजींनी इंजिन चालू केलं. मीटर चढत चौदा व्होल्टवर गेला आणि दिवा विझला.

"अहो, गेला!"

त्यांनी इंजिन बंद केलं.

"रंगामुळे हो! याचं अंग उघड्या पत्र्याला टेकायला हवं, तरच अर्थिंग मिळतं. तेवढा रंग खरवडला की झालं."

"माहीत होतं मला."

"माहीत होतं? मग इतके रविवार माझी हाडं कशाला मोडलीत?"

"वाटलं, तुला दुसरंच काहीतरी सापडेल."

माझा राग कुठल्या कुठे गेला.

"मग नकाच खरवडू," मी म्हणालो. "ही वायरच पक्की करून देतो. रंगाला धक्का नाही."

भाऊजींनी वायर बोटानं ओढून पाहिली. "नको. वर गेल्यावर निसटली तर? आणि तात्पुरतं काम तिला खपायचं नाही. छत्रीची दांडी तारेनं बांधली होती मी एकदा, तर बाजारात माझ्यापासून लांब चालली होती."

मी रेग्युलेटर सोडवला. पॉलिश पेपर घेतला खरा, पण ब्रशचा एक केस रंगात चिकटून वाळलेला दिसला आणि माझा हात पुढे जाईना.

"सरक," भाऊजी म्हणाले.

गुडघे धरत ते खाली वाकले. खिशातली पेन्सिल काढून त्यांनी रेग्युलेटरच्या मापाची चौकट आखली, पुसली, केसाच्या बाजूनं जराशी आत घेऊन पुन्हा आखली. मग खरवडायला लागले. चौकटीत चकचकीत पत्रा उघडा पडला. केस रेषेबाहेर राहिला.

रेग्युलेटर बसवून इंजिन चालू केलं. दिवा विझला तो विझलाच.

नंतर मी नळावर हात धुतले आणि आत जाऊन चहा केला. भाऊजी शेडच्या दारात बसले होते. निळी पूड बोटांवर, नखांत, सगळीकडे होती.

"हात धुवून घ्या की आधी."

"धुतो रे," ते म्हणाले, आणि त्याच हातांनी त्यांनी कप घेतला.