दोन बोटं आखूड

जिन्यापासून हॉलच्या दारापर्यंत माणसंच माणसं, आणि प्रत्येकाचा एक हात कमरेवर. आत खुर्चीत बसवलेल्या पोस्टमनच्या दोन्ही टाचा तळहातांवर तोलून मणकेबाबा गरजत होते, "बघा! डावा पाय दोन बोटं आखूड. म्हणून कंबर वाकडी, म्हणून मान वाकडी, म्हणून नशीब वाकडं." मग त्यांनी डोळे मिटून काहीतरी पुटपुटलं, आणि सगळ्यांच्या देखत आखूड पाय हळूहळू वाढून दुसऱ्याच्या बरोबरीला आला. लोकांनी तोंडात बोटं घातली.

तिसऱ्या रांगेतल्या शिंपीणबाईने मात्र घातली नाहीत. गळ्यातली टेप उतरलेली कुणी कधी पाहिली नव्हती, म्हणून सगळे तिला टेपताई म्हणत. सकाळपासून एकवीस जणांचा एक पाय आखूड निघाला होता आणि त्यातल्या नऊ जणांच्या पँटी तिने शिवल्या होत्या. हे खरं असतं, तर एक मोहरी जमिनीवर लोळते म्हणून ही मंडळी कधीच दुकानावर चालून आली असती.

पण तिचा जीव टांगणीला लागला होता तो धाकट्या भावापायी. सुतार माणूस; दीड महिन्यापूर्वी एकट्याने कपाट उचलायचा शहाणपणा केला. तेव्हापासून कमरेतली कळ डाव्या पायात उतरायची. आता तर पाऊल फटफट आपटायचं आणि चप्पल निघून गेली तरी त्याला पत्ता नसायचा. सर्जनबाईंनी एमआरआय पाहून स्वच्छ सांगितलं होतं, "मणक्यांमधली चकती सरकून नसेवर बसलीय. नुसती कंबर दुखत असती तर ऑपरेशनचं नावही काढलं नसतं. पण पाऊल उचलायची ताकद जातेय. उशीर केला तर ती परत येईलच असं नाही."

सोमवार ठरला. तेवढ्यात शेजारी येऊन सांगून गेले की मणक्याला सुरी लागली की माणूस खाटेला खिळतो, आणि भावाची पाचावर धारण बसली. मणकेबाबांनी सात बैठकांत बरं करतो म्हटल्यावर तो ऑपरेशन नकोच म्हणून बसला. आज शनिवार, दुसरी बैठक.

बाबांचा एक नियम टेपताईला पहिल्याच दिवशी खटकला होता. "बूट काढायचे नाहीत, जमिनीतला दोष टाचेतून चढतो. लेस तेवढी सैल ठेवा, ऊर्जा मोकळी खेळेल." एरवी अशा ठिकाणी बूट बाहेर ठेवायला लावतात; इथे काढले तर हाकलून देत होते. भावाला वाकता येत नसे, म्हणून बूट तीच चढवायची. आज तसं करताना तिने कापडावर खुणा करायचा खडू काढला आणि दोन्ही मोज्यांवर बुटाच्या काठालगत एकेक रेघ ओढून ठेवली.

भावाची पाळी आली. बाबांनी टाचा उचलल्या. "डावा दोन बोटं आखूड!"

"बाबा, जरा तसेच धरून ठेवा," म्हणत टेपताई पुढे झाली आणि तिने पँटची उजवी मोहरी वर सारली. "ही रेघ सकाळी बुटाला चिकटून होती. आता मधे दोन बोटं जागा आहे. उजवा पाय वाढलेला नाही, बूट टाचेतून ओढलाय. आता हा गुपचूप आत ढकलला की झाला चमत्कार."

"बाई, रेघ ही माया आहे."

"माया मी शिवणीत ठेवते, बाबा. पण तीसुद्धा दोन बोटं कधी ठेवत नाही."

हॉल खो खो हसला. तिने टेप लावून भावाचे दोन्ही पाय कमरेच्या हाडापासून घोट्यापर्यंत मोजले. दोन्ही सारखे भरले.

"मग सहा बैठकांत मला बरं कसं वाटलं?" पोस्टमनने विचारलं.

"लचकलेली कंबर बहुतेकांची चालत्याफिरत्या राहून काही आठवड्यांत आपली आपण बरी होते. डॉक्टरच सांगतात. सात आठवड्यांत सात बैठका घेतल्या की श्रेय बाबांचं."

"पण ताई," भाऊ हळूच म्हणाला, "माझीही कळ कमी झालीय."

टेपताईचं हसू मावळलं. तिने त्याचा डावा बूट काढला, मोजा काढला. "डोळे मीट. कुठलं बोट धरलंय सांग."

भाऊ डोळे मिटून थांबला. "धर की."

अंगठा तिच्या चिमटीत होता. नखाभोवतीची कातडी पांढरी पडली होती.

"धरलाय रे केव्हाचा. कळ बरी नाही झाली, पाय बधिर पडतोय," ती म्हणाली. भावाने डोळे उघडून खाली पाहिलं. मग म्हणाला, "सोमवारी किती वाजता जायचंय?"

बाबा अश्रद्धेमुळे ऊर्जा आटली असं सांगत मागच्या दाराने निघाले. घाईत झगा वर सरकला, तर खाली मेडिकलच्या दुकानातला कमरेचा पट्टा दिसला. लोक एव्हाना पाय मोजून घ्यायला टेपताईपुढे रांगेत उभे होते.

सर्जनबाईंनी चकतीचा निसटलेला तुकडा काढून नस मोकळी केली. दुसऱ्या दिवशी भाऊ वॉर्डात धरून धरून चालला. पावलातली ताकद मात्र व्यायाम करून सावकाश यायची होती. टेपताईच्या दुकानावर आता पाटी आहे: "कंबर दुखते? डॉक्टरांना दाखवा. हात किंवा पाय बधिर, लुळा पडतोय, लघवीवर ताबा नाही? आजच्या आज दाखवा. पाय आखूड वाटतो? आत या, बूट काढून मोजू."

रोज संध्याकाळी भाऊ पाय पुढे करून डोळे मिटायचा आणि ती एक बोट धरून कुठलं ते विचारायची. ऑपरेशननंतर अकराव्या आठवड्यात तिने विचारण्याआधीच तो म्हणाला, "अंगठा. आणि ताई, तुझं नख वाढलंय."