कानडी येतं का?

धर्मराजनं ताटातली भाकरी दोन्ही हातांनी वर धरली आणि शाळेत पाढे म्हणावेत तसा मोठ्यानं म्हणाला, "जोळद रोट्टी."

"आणि ह्ये?" मनुबाईनं पळीनं आमटी ढवळत विचारलं.

"सारू."

"आणि जेवलासा काय, असं साहेबाला इचारायचं झालं तर?"

"ऊटा... ऊटा आतेन्री?"

"शाब्बास माझ्या वाघा!" म्हणत मनुबाई हसली. पदर तोंडाला लावायचंसुद्धा विसरून हसली.

बाहेर सोप्यात भरमू बाजारला न्यायच्या रताळ्यांची माती झाडत बसला होता. आईचं हसणं ऐकलं आणि त्याच्या हातातलं रताळं कट्कन मोडलं. रताळ्याचा त्यात काय दोष? पण राग काढायला माणसाला काहीतरी हाताशी लागतंच.

खरा दोष होता त्याच्याच एका शब्दाचा. अठ्ठ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात दोघंही बी.ए. झाले आणि बेळगावच्या रोजगार कचेरीत नाव घालायला गेले. खिडकीतल्या कारकुनानं भरमूला विचारलं, "कानडी येतं का?" आता भरमूची आई बैलहोंगलकडची, आणि तिकडचे मराठे घरातसुद्धा कानडीच बोलतात. भरमू बोलायला शिकला तोच मुळी कानडीत. पण त्या दिवशी त्याच्या खांद्याला खांदा लावून चुलते मारुतीराव उभे होते. सीमालढ्यात त्यांनी तुरुंग भोगला होता, तोही आपल्याच हिंडलग्याचा, घरापासून हाकेच्या अंतरावरचा. घरचा सांगावा यायचा, पण घरची भाकरी काही यायची नाही. सुटून आले त्या दिवसापासून त्यांनी घरात कानडी बंद केली. माणूस कडक, पण ज्याच्याशी कृतघ्न व्हावं असा नव्हे. भाऊ वारल्यावर भावजयीला आणि पुतण्याला त्यांनीच सांभाळलं, कॉलेजात घातलं. त्यांच्यादेखत 'येतं' म्हणायची भरमूची छाती झाली नाही.

"न्हाय," तो म्हणाला. मारुतीरावांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

भरमूच्या मागं धर्मराज होता. हा निपाणीचा. आई लहानपणीच गेलेली, बाप तंबाखूच्या वखारीत हमाल, आणि हा समाजकल्याणच्या वसतिगृहात राहून शिकलेला. कानडीचे चार शब्द त्याला धड येत नव्हते, पण पठ्ठ्या बेधडक म्हणाला, "येतं की!"

झालं. धारवाडच्या एका विमा कचेरीत कारकुनाची एक जागा निघाली आणि मुलाखतीचं बोलावणं धर्मराजला आलं. भरमूचे मार्क त्याच्यापेक्षा चांगले होते. पण खिडकीत 'न्हाय' म्हटलेल्या माणसाचे मार्क कोण बघतो?

त्यात कहर म्हणजे बोलावणं आल्या आल्या धर्मराज धावत आला तो भरमूकडंच.

"भरमू, लेका, मुलाखत कानडीत घेत्यात म्हणं. माझी तर पाचावर धारण बसलीया. तुझी आई तिकडची, तुला येतंयच. तू शिकीव की मला."

"मला तरी कुठं येतंय?" भरमू त्याच्याकडं न बघता म्हणाला. एकदा खोटं बोललं की ते निभवावंच लागतं. पण आत चुलीपुढं मनुबाईनं सगळं ऐकलं होतं.

"तू ये रं दुपारचा," ती आतूनच म्हणाली. "भावजी शहरात गेल्यावर ये. मी शिकविते."

तेव्हापासून रोज दुपारी स्वयंपाकघरात कानडीची शाळा भरायला लागली. मनुबाईला तर जणू माहेरचं बोलावणं आलं होतं. नाहीतर ती मोजून मापून बोलणारी बाई. मराठी बोलताना शब्द चुकेल म्हणून आधी मनात घोळवून मग तोंडाबाहेर काढणारी. आणि कानडीत? कानडीत तिच्या तोंडाचा पट्टा सुटायचा. म्हणी काय सांगायची, शेजारणीच्या नकला काय करायची, म्हशीला घालायच्या शिव्यासुद्धा त्याला शिकवायची. एकदा तर मारुतीरावांचा जुना चष्मा नाकावर चढवून ती साहेब झाली आणि पाटावर ऐटीत बसून तिनं धर्मराजला विचारलं, नाव काय, गाव कुठलं, लगीन झालंय का, आणि झालं नसलं तर काय म्हणून झालं नाही?

धर्मराज पोट धरून हसला. उंबऱ्यापाशी उभा असलेला भरमू मात्र हसला नाही. आपल्या आईला नकला करता येतात हे त्याला बावीस वर्षांत माहीत नव्हतं. नोकरी तर हा घेऊन जाणारच, पण ही बाई कोण, जी याच्यासमोर अशी खुलते आणि माझ्यासमोर 'जेव' आणि 'निज' यापलीकडं बोलत नाही?

एकच गोष्ट त्याला जरा गार करायची. आईची कानडी शेताची आणि चुलीची होती. धारवाड आकाशवाणीवरच्या बातम्यांची कानडी निराळी असते आणि साहेब लोक तीच बोलतात, हे भरमू जाणून होता. हा गडी कोट घातलेल्या साहेबांपुढं असलं काही बोलणार आणि आपलं हसं करून घेणार. एका शब्दानं त्याला सावध करता आलं असतं.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी धर्मराजनं स्वतःच विचारलं, "खरं सांग भरमू. साहेबाफुडं असंच बोललो तर चालंल न्हवं?"

"चालंल?" भरमू म्हणाला. "पळंल!"

धर्मराजनं त्याला आनंदानं मिठी मारली. भरमूचे हात मातीनं भरलेले होते, ते त्यानं तसेच लांब धरले.

दुसऱ्या दिवशी बाजारात भरमूचं कशात लक्ष लागेना. वजनं चुकली, गिऱ्हाईक ओरडलं. दिवेलागणीला तो घरी आला तेव्हा मारुतीराव अजून शहरातून परतायचे होते, आणि पाठोपाठ धर्मराज दारात हजर. टेरिकॉटचा शर्ट घामानं अंगाला चिकटलेला.

"काकू, लागलो!" असं ओरडून तो सरळ आत गेला आणि मनुबाईच्या पाया पडला. भरमू भिंतीला टेकून उभा राहिला.

"साहेबानं पैल्यांदा असलं जड जड कानडी काढलं, मला एक अक्षर कळंना," धर्मराज सांगायला लागला. "बसलो घाम पुसत. आणि काय सुचलं कुणास ठावं, म्हटलं, ऊटा आतेन्री? दोघं साहेब कपाळाला हात लावून बसले. पर मधला म्हातारा असा हसला, असा हसला! मग आपलं तुम्ही शिकिवल्यालं सुरूच केलं. म्हातारा म्हणाला, सकाळधरनं सगळी पोरं पुस्तक बोलून गेली. आपल्या खिडकीशी येणारा शेतकरी पुस्तक बोलतो व्हय? हाच पाहिजे आपल्याला."

"बघ, मी सांगिटलं न्हवतं?" मनुबाई म्हणाली.

"पर काकू, एक खोटं बोललो." धर्मराजची मान खाली गेली. "म्हाताऱ्यानं इचारलं, हे कुणाकडनं शिकलास? मी म्हटलं, आमच्या अव्वाकडनं."

मनुबाईनं दोन्ही तळवे त्याच्या तोंडावरून फिरवले आणि आपल्या कानशिलाशी कडाकडा बोटं मोडली.

"खोटं कुठलं त्यात," ती हळूच म्हणाली.

अव्वा. कानडीत आईला अव्वा म्हणतात. भरमूही म्हणायचा, पाच-सहा वर्षांचा होईपर्यंत. मग एकदा मारुतीरावांनी चारचौघांत थोबाडीत दिली आणि तो 'आई' म्हणायला लागला. मुलाच्या जातीला दोन दिवसांत सवय होते. तिला झाली का, हे त्यानं कधी विचारलं नव्हतं. या घरात तिला त्या नावानं हाक मारणारा तोच एकटा होता, आणि त्यानं ती सोडली होती. नोकरी गेली तेव्हा वाटलं नव्हतं एवढं वाईट त्याला आता वाटलं. घे की लेका, नोकरी घे, पगार घे, धारवाडला जाऊन खुर्चीत बस! पण हे कशाला घेतलंस? हे तर माझं होतं.

वसतिगृहाकडं जाणारी बस गाठायची म्हणून धर्मराज घाईनं निघाला. भरमूनं त्याला रस्त्यापर्यंत पोचवलं, हातात हात दिला, "नाव काढ बाबा," असंही म्हणाला. ते त्याला जमलं.

परत आला तेव्हा मनुबाई दाराकडं पाठ करून चुलीत फुंकर घालत होती. ओलं लाकूड पेटत नव्हतं, घरभर धूर झाला होता. भरमू उंबऱ्यात थांबला. शब्द निघाला तो कसाबसा, कुजबुजल्यासारखा.

"अव्वा."

फुंकर थांबली. मनुबाईनं वळून पाहिलं नाही. पाठमोरीच, हसऱ्या आवाजात, ती कानडीत म्हणाली, "काय इसरलास रं, धर्मराज?"