आरवचे चौतीस यार्ड

आमच्या घराण्यात पोटच्या पोराला दोन मार्क कमी देण्याची परंपरा आहे. माझे वडील चिपळूणला गणिताचे मास्तर होते आणि नववीत मी त्यांच्याच वर्गात होतो. माझा पेपर ते सगळ्यात शेवटी तपासत, आणि बरोबर उत्तराकडेसुद्धा इतका वेळ बघत राहत की त्या उत्तरालाच स्वतःची शंका यावी. त्या वर्षी मी दोन मार्कांनी दुसरा आलो. वडिलांची गावात मान उंचावली. मी इन्शुरन्समध्ये शिरलो, इंग्लंडमध्ये रीडिंगला स्थायिक झालो आणि लोकांच्या आयुष्यातली जोखीम चार दशांश स्थळांपर्यंत मोजू लागलो. त्यामुळे मुलाच्या युनिव्हर्सिटीतल्या अमेरिकन फुटबॉल टीमला आकडे लिहिणारा माणूस हवा होता, तेव्हा माझ्यासमोर दुसरा उमेदवार उभाच राहिला नाही.

टीमचं नाव बिशप्स. मैदान कॉव्हेंट्रीबाहेर, तीन बाजूंनी वारा आणि चौथ्या बाजूला रिसायकलिंग सेंटर. खेळ समजायला सोपा आहे. रनिंग बॅक नावाचा एक मुलगा मागे उभा राहतो, त्याच्या पोटाशी चेंडू कोंबतात आणि मग समोरचे अकरा जण त्याला आडवा करायला धावतात. आडवा होईपर्यंत तो किती यार्ड पुढे गेला, एवढाच प्रश्न. बाकी सगळं हेल्मेट.

बिशप्सकडे असे दोन होते. एक माझा आरव, दुसरा लेव्ही. अख्ख्या लीगमध्ये या दोघांच्या जवळपास कुणी नव्हतं, आणि दोघांच्याही घरी मराठी बोलतात, हा योगायोग मी इंग्लिश पालकांना समजावून सांगणं दुसऱ्याच मॅचला सोडून दिलं. लेव्हीचे आजोबा निसीमकाका मुंबईचे बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. सतराव्या वर्षी लंडनला आले, बस डेपोत इंजिनियर म्हणून रिटायर झाले. मराठी अजून भायखळ्याची. "आम्ही शनवार तेली, शनवारी घाणा बंद," पहिल्या भेटीत ते म्हणाले, "मॅच रविवारी असते म्हणून जमतं. शनवारी असती तर लेव्हीला बुद्धिबळ शिकवलं असतं."

दोघांची तुलना मी तीन वर्षं केली आहे. लेव्हीला समोर फट दिसत नाही. तो जिथे जातो तिथे फट पडते. आरव उलटा. जीपी डॉक्टरच्या वेटिंग रूममध्ये बसावं तसा तो आपल्या माणसांच्या मागे शांत थांबतो, आणि आता हा जाणारच नाही असं सगळ्यांना वाटलं की गेलेला असतो. चिखलात लेव्ही, कोरड्यात आरव. दोन यार्ड हवे असतील तर लेव्ही, वीस हवे असतील तर आरव. यावर कुणी माझ्याशी वाद घालू नये. निसीमकाका घालत, कारण त्यांना आरव जास्त आवडे आणि मला लेव्ही.

कामाची पद्धत ठरलेली होती. काका मैदानाच्या कडेला नारिंगी काठी घेऊन उभे. चेंडू थांबला की त्या रेषेत काठी टेकवायची आणि मला आकडा ओरडून सांगायचा. मी लिहायचा. दोन आकड्यांच्या मध्ये थांबला, तर ज्या रेषेच्या जवळ असेल तो आकडा. एवढं सोपं काम दोन सुशिक्षित माणसांना बिघडवता येईल, असं कुणाला वाटणार नाही.

लीगची शेवटची मॅच झाली आणि कोच ओवेनने सगळ्यांना गोळा केलं. राष्ट्रीय विद्यार्थी संघाला बिशप्समधून एकच रनिंग बॅक पाठवायचा होता. नाव बुधवारी दुपारपर्यंत. "मला दोघंही सारखेच वाटतात," कोच म्हणाला, "तेव्हा एका धावेमागे सरासरी यार्ड ज्याचे जास्त, तो जाईल. शशिधरच्या शीटवर माझा पूर्ण विश्वास आहे." दोघांचंही शेवटचं वर्ष होतं. शीट म्हणत होती, लेव्ही सहा पूर्णांक शून्य, आरव पाच पूर्णांक नऊ.

 सोमवारी दुपारी आरव लॅपटॉप घेऊन ट्रेनने घरी आला, आणि बूट न काढता किचनच्या टेबलाशी बसला.

"बाबा, हे बघ. लेस्टरची मॅच." त्याने फिल्म थांबवली. "हे किती आहे?"

"पाच."

"बॉल बघ, बाबा. मला नको बघू."

"पावणेसहा म्हणता येईल."

"मग तू पाच का लिहिलास? निसीम अंकल 'सिक्स' ओरडतात. ऐकायला येतंय." त्याने ऐकवलं. ऐकायला येत होतं. "मी सगळे शहाण्णव रन्स चेक केले. थर्टी-फोर टाइम्स तू एक कमी लिहिलास. माझेच. लेव्हीचं एकपण नाही."

माझ्या बायकोने, वैजयंतीने, गॅसवरची भाजी हलवली. "आश्चर्य कसलं त्यात? लग्नाच्या वेळी माहितीपत्रकात यानं स्वतःची उंची एक इंच कमी लिहिली होती. असा नवरा मुलगा पुण्यात दुसरा झाला नसेल."

"कुणाला खोटं वाटायला नको म्हणून," मी म्हणालो.

"मला वाटलं ना खोटं. प्रत्यक्ष बघितल्यावर."

मी आरवला समजावलं की बाप आकडे लिहितो तेव्हा लोक बघत असतात. शंकेला जागा ठेवायची नाही. न्याय नुसता असून चालत नाही, तो दिसावा लागतो. हे मी आधीही अनेकदा सांगितलेलं होतं आणि दरवेळी ते मला पटलं होतं.

त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "पण पळतो मी, बाबा. आणि चांगला माणूस तू होतोस."



मंगळवारी सकाळी मी रजा टाकून आरवच्या लॅपटॉपसह लंडनमध्ये हेन्डनला निसीमकाकांच्या फ्लॅटवर पोचलो. त्यांना न सांगता शीट बदलणं मला शक्य नव्हतं. त्यांच्या नातवाची जागा जाणार होती. हॅनाहकाकूंनी नारळाच्या दुधातला हलवा पुढे केला. मी तो न घेता कबुलीजबाब दिला.

"किती कापलेस?" काकांनी विचारलं.

"चौतीस."

"स्वतःच्या पोराचे?"

"हो."

काकांनी हलव्याची ताटली बाजूला सरकवली. "हॅनाह, तू पण बस," ते म्हणाले. "माझे वीसेक भरतील."

"तुमचे? तुम्ही तर लिहीत नाही."

"काठी कोण धरतं? लेव्ही पडला की मी ती जरा अलीकडे टेकवतो आणि तोच आकडा ओरडतो. कुणी म्हणू नये, म्हाताऱ्यानं नातू खपवला." त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "तुला काय वाटलं, एवढं मोठं पुण्य तू एकट्यानं कमावत होतास?"

"निदान सांगायचं तरी."

"तू सांगितलंस? आणि मी देवाला घाबरून केलं. तू कुणाला घाबरलास?"

"वडिलांना."

"ते वारले ना?"

"म्हणून तर."

ठरलं की सगळं पुन्हा मोजायचं. लेव्हीचं मी, आरवचं काका. दहा मिनिटांत लक्षात आलं की हा रोग असा जाणार नाही. मी लेव्हीला उदार हाताने देत होतो आणि काका आरवला मैदानाबाहेर नेऊन सोडत होते. तेव्हा हॅनाहकाकूंनी लॅपटॉप ओढून घेतला.

"तुम्ही दोघं फक्त लिहा. चेंडूचं पुढचं टोक कुठलं, एवढं दाखवा मला."

"काकू, तुम्हाला खेळ कळतो?"

"खेळ कशाला कळायला हवा? तीस वर्षं पडदे शिवलेत मी. मापात भिडस्तपणा केला असता, तर अर्ध्या गोल्डर्स ग्रीनच्या खिडक्या उघड्या राहिल्या असत्या."

लॅपटॉपच्या पडद्याला नाक लावून त्या आकडे सांगत गेल्या. पडलेला मुलगा कोण, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. लेव्ही पाच जणांना अंगावर घेऊन चालत होता तिथे मात्र त्या म्हणाल्या, "लागलं असेल," आणि मग, "सात." तीन तासांनी हलवा संपला आणि बेरीज झाली. आरवचे चौतीस परत आले, लेव्हीचे एकोणीस. लेव्ही सहा पूर्णांक दोन. आरव सहा पूर्णांक तीन.

मी ईमेल उघडला. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हाताने माझा मुलगा पहिला येत होता, आणि तो हात कीबोर्डवर नुसता ठेवलेला होता.

"मी काय म्हणतो," मी म्हणालो, "दोघांनाही सहा पूर्णांक दोन दाखवू. बरोबरी. पुढचं कोच बघेल."

"परत?" काका म्हणाले.

"तुमच्या घरात बसून, तुमच्या नातवाला..."

"माझा नातू सहा पूर्णांक दोन आहे. पोर उत्तम आहे, त्याचं कौतुक मी तुला ऐकवत बसत नाही. पण तुझा सहा पूर्णांक तीन आहे, आणि ते हॅनाहनं मोजलंय. तिचं माप खोटं पाडतोस?"

हॅनाहकाकू ताटल्या गोळा करत होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. कापड कमी आणून पडदा मोठा मागणाऱ्या गिऱ्हाइकाकडे त्या असंच बघत असाव्यात.

मी लिहिलं. चूक कुणाची, किती, कोणत्या बाजूची, सगळं. खाली माझं नाव, त्याखाली निसीमकाकांचं, सोबत नवी शीट. वाचून दाखवलं. काकांनी 'चूक' या शब्दापुढे 'दोघांची' घालायला लावलं आणि पाठवायचं बटण मला दाबू दिलं. स्वतः त्यांनी लेव्हीला फोन केला. पलीकडून बराच वेळ हसण्याचा आवाज येत होता.

"काय म्हणतो?"

"म्हणतो, ग्रँडपा, एकोणीस यार्डांसाठी मी एकोणीस वेळा पडलो, ते परत कोण देणार." काकांनी चष्मा पुसला. "आणि म्हणतो, आरवला सांगा, सहा पूर्णांक तीननं काही होत नाही, चिखलात भेट."

कोच ओवेनचं उत्तर बुधवारी सकाळी आलं. दोन ओळींचं. पहिलीत आरवचं नाव. दुसरीत त्याने विचारलं होतं की तुमच्याकडे सगळेच असं करतात का. मी कळवलं की नाही, फक्त चांगल्या घरातले.

पुढच्या रविवारी कपची सेमीफायनल होती. ऊन, कोरडं मैदान. दुसऱ्याच मिनिटाला आरव आपल्या माणसांमागे थांबला, सगळ्यांना वाटलं आता जात नाही, आणि गेला. आठ आणि नऊच्या मध्ये, नऊच्या जवळ, चार जणांखाली थांबला. निसीमकाकांनी काठी टेकवली. ओरडले, "नऊ."

माझ्या मागे एक आई दुसरीला सांगत होती, "तो आकडे लिहिणारा आहे ना, तो त्याचाच बाप." मला सगळं स्पष्ट ऐकू आलं. तिलाही कळलं की मला ऐकू आलं.

मी नऊ लिहिला. चौकट भरून.