बियाण्याचा रांजण

मी रांजण बोलतोय. पोट मोठं, मान आखूड, आणि तोंड एका बाजूने उडालेलं. हसू नका! क्रीट बेटावरच्या आमच्या वाडीत एके काळी माझ्याएवढा ऐटदार रांजण दुसरा नव्हता.

किदारो कुंभाराने मातीच्या वळ्यांवर वळ्या चढवत मला उभा केला. ओला असताना पोट सुटू नये म्हणून दोर आवळले. त्यांचे वळ अजून अंगावर आहेत.

"जरा जाडच झालाय," तो बायकोला म्हणाला.

"तुझ्यावर गेलाय," अरानारे म्हणाली, आणि मला विकूच दिलं नाही. माझ्यात ती बियाण्याचे जव ठेवायची.

मजेत चाललं होतं. शेजारणी केशर खुडून यायच्या, पिवळ्या बोटांनी मला टेकून गप्पा छाटायच्या. राजवाड्यातल्या खेळात कोण बैलावरून उडी मारताना आपटला, ते मला घरबसल्या कळायचं. जमीन अधूनमधून हलायची. हलली की उंबऱ्याशी मूठभर धान्य ओतायचं आणि धरणीमायला शांत करायचं, ही आमची रीत.

मग एका वर्षी उत्तरेच्या समुद्रात डोंगर फुटला. आभाळातून राख पडली. लाटेने बंदरावरच्या होड्या नेल्या, आणि घडे विकायला गेलेला किदारोही नेला. जमीन तर थांबेचना. लोक घाबरून मुठीच्या जागी सूपभर धान्य ओतू लागले, सुपाच्या जागी टोपली. घरोघरचे रांजण रिकामे झाले. भरलेला उरलो मी एकटा.

एके सकाळी पुजारीण पायारे दारात आली. मागे सगळी वाडी.

"अरानारे, सगळा ओत. आई भुकेली आहे."

"आणि पेरायचं काय? राख?"

"जीव राहिला तर पेरशील ना!"

वाडीतल्या दोघांनी मला आडवं करायला हात घातला. अहो, आतले जव पार तोंडाशी आले! अरानारेने मला मिठी मारली. रडत होती, पण बोलली ठणकावून.

"आईला द्यायचंच आहे ना? मग उंबऱ्यावर कशाला, शेतात देऊ. सगळा रांजण देते. एक दाणा मागे ठेवणार नाही!"

पायारेने वळून शेताकडे पाहिलं. मग म्हणाली, "शेतात राख आहे गं."

"हात आहेत ना आपल्याला!"

वाडीच्या वाडी शेतात उतरली. राख खरडली, माती उकरली. मध्येच जमीन हलली, तरी कुणी पळालं नाही. पायारे स्वतः मुठीमुठीने जव टाकत होती. वसंतात ओंब्या आल्या तेव्हा अरानारेने मला पुन्हा गळ्यापर्यंत भरलं.

पुढे समुद्रापलीकडून भालेवाले आले. त्यांची बोली आधी राजवाड्यात शिरली, मग आमच्या घरांत. राजवाडा जळला. अरानारेची गाणी तिच्याच वंशातली पोरं विसरली, आणि आमची लिपी तर आज कुणालाच वाचता येत नाही. वाईट वाटतं हो, फार वाटतं. पण पेरणी मात्र कुणी थांबवली नाही.

मीही हजारो वर्षं मातीखाली गाडलेला होतो. आता मला खोदून काढून पडक्या भिंतीपाशी उभं केलंय. पाहुणे येतात, माझ्यात डोकं घालून "ओऽ" करून ओरडतात. परवा इथली राखणदार स्तामातिया सोबतिणीबरोबर झाडायला आली. माझ्या तळाशी साचलेल्या मातीत चार ओंब्या डुलताहेत, चिमण्यांची कृपा.

"उपटू का गं?" सोबतीण म्हणाली.

"राहू दे. कुणाचं काय खाताहेत!"

तेव्हा बाबांनो, या, डोकावा, ओरडा हवं तर. फक्त माझ्यात कागद-बाटल्या टाकू नका. आत बियाणं आहे.